तेराव्या भागानंतर

जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की पन्नाशी ओलांडलेली माणसं एकदम हळवी होतात. ‘हम लोग’ लागलं की रस्ते ओस पडायचे, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग साचायचा, बायका स्वयंपाक लवकर उरकायच्या. या आठवणी खोट्या नाहीत. पण त्या मालिकेच्या ऐन भरातल्या आहेत. ७ जुलै १९८४ला ही मालिका सुरू झाली तेव्हा असं काही घडलं नव्हतं. पहिले तेरा-एक भाग लोकांनी नाक मुरडत पाहिले. गोष्ट पुढे सरकत नाही, पात्रं बोलत नाहीत तर भाषण देतात, सरकारी जाहिरात बघतोय असं वाटतं, असा एकूण सूर होता. आजची खाजगी वाहिनी असती तर मालिका तिथेच गुंडाळली असती.

दूरदर्शनने ती गुंडाळली नाही. मालिका १५६ भाग चालली आणि १७ डिसेंबर १९८५ला संपली. हिंदी भाषक उत्तरेत टीव्ही बघणाऱ्यांपैकी ६५ ते ९० टक्के लोक ती बघत होते. हिंदीशी फारसा संबंध नसलेल्या मद्रासकडच्या भागातही हे प्रमाण २० ते ४५ टक्क्यांपर्यंत गेलं. पडत असलेली मालिका अशी सावरली कशी, हा मला नेहमी महत्त्वाचा प्रश्न वाटत आलाय. त्याचं उत्तर टीव्हीच्या इतिहासाबरोबर आपल्याही इतिहासाशी जोडलेलं आहे. ‘आपल्या’ म्हणजे पडद्यावर क्वचित दिसणाऱ्या आणि दिसलो तर काहीतरी सिद्ध करण्यासाठीच दिसणाऱ्या मुसलमानांच्या.

आधी मालिकेची जन्मकथा. १९८२ साल हे भारतीय टीव्हीच्या दृष्टीने कलाटणीचं. त्या वर्षी देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि रंगीत प्रक्षेपण आलं. माहिती व प्रसारण खातं तेव्हा आपल्या विदर्भाच्या वसंत साठेंकडे होतं आणि रंगीत टीव्हीसाठी त्यांनी अक्षरशः हट्ट धरला होता. पुढे इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला, १९८४मध्ये गावोगावी प्रक्षेपक उभे राहू लागले. यंत्रणा उभी राहिली, पण तिच्यावर दाखवायचं काय? ‘कृषिदर्शन’, बातम्या, आठवड्याला एक चित्रपट आणि ‘छायागीत’ एवढ्यावर किती दिवस भागणार? मुंबई केंद्राने ‘चिमणराव’सारखी मालिका सत्तरच्या दशकातच करून दाखवली होती, मराठी प्रेक्षकाला त्याचं अप्रूप नव्हतं. मात्र साऱ्या देशाने मिळून बघावी अशी लांब पल्ल्याची कौटुंबिक मालिका अजून झालेली नव्हती.

तिची कल्पना मेक्सिकोतून आली. तिथल्या तेलेविसा या कंपनीत मिगेल साबिदो नावाचे लेखक-दिग्दर्शक होते. लोकांना आवडणाऱ्या रडक्या-भांडकुदळ मालिकांमधूनच समाजोपयोगी गोष्ट सांगायची, असं त्यांचं तंत्र. १९७५-७६मधली त्यांची ‘वेन कॉन्मिगो’ ही मालिका प्रौढ साक्षरतेवर होती, तर १९७७-७८मधली ‘आकोम्पान्यामे’ कुटुंबनियोजनावर. त्यांच्या मालिकेत तीन प्रकारची माणसं असत. एक चांगल्या वाटेवरची, दुसरी वाईट वाटेवरची आणि तिसरी मधे घुटमळणारी, जी हळूहळू बदलत जाते. प्रेक्षकाने या तिसऱ्या माणसाचं बोट धरावं अशी अपेक्षा. हे आपल्याकडे करून बघावं असं दिल्लीत ठरलं. श्रेय देताना कुणी साठेंचं नाव घेतं, कुणी खात्याचे तेव्हाचे सचिव एस. एस. गिल यांचं. गिल यांनी ते तडीस नेलं हे मात्र निश्चित.

लेखक म्हणून मनोहर श्याम जोशी मिळाले. हिंदीतले मोठे कादंबरीकार, पत्रकार, ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादक राहिलेले, आणि बोलीभाषेवर विलक्षण हुकूमत असलेले. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं. गोष्ट दिल्लीतल्या एका निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाची. दारू पिऊन घरी येणारा बाप बसेसर राम, सोसणारी आई भागवंती, दादाजी आणि दादी, नोकरीसाठी वणवण करणारा लल्लू, क्रिकेटचं स्वप्न बघणारा नन्हे, लग्न न जमणारी बडकी, सिनेमाचं वेड लागलेली मझली आणि डॉक्टर व्हायचं म्हणणारी छुटकी. मुलं पाच आणि पैसे तुटपुंजे. कुटुंब आटोपशीर असतं तर ही वेळ आली नसती, हे प्रेक्षकाच्या मनावर बिंबवायचं होतं.

इथेच घोडं अडलं. पहिल्या तेरा भागांत हा संदेश इतका ठासून भरला होता की पात्रांना श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. अभ्यासक या अपयशाचं कारण अतिरेकी उपदेश असं देतात आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक कारण दिसतं. वर्ष १९८४ होतं. आणीबाणी संपून जेमतेम सात वर्षं झाली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. दिल्लीतल्या तुर्कमान गेटची घरं आणि तिथला गोळीबार, हरयाणातल्या उटावर या मेव मुसलमानांच्या गावाला पोलिसांनी घातलेला वेढा, हे लोक विसरले नव्हते. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही एवढंच. अशा देशात सरकारी पडदा पुन्हा ‘किती मुलं?’ असं विचारू लागला तर बघणाऱ्याच्या कपाळावर आठ्या येणारच. ज्या मोहल्ल्यांनी तो काळ अंगावर काढला होता, तिथे तर विचारायलाच नको. लोकसंख्येचा विषय निघाला की पहिलं बोट कुणाकडे वळतं हे आपल्याला ठाऊक आहे.

तेरा भागांनंतर दूरदर्शन आणि जोशी या दोघांनीही शहाणपण दाखवलं. कुटुंबनियोजनाचा सूर खाली आणला. त्याऐवजी घरातली रोजची माणसं, त्यांची भांडणं, रुसवेफुगवे, कर्ज, हुंडा, दारू, मुलीचं लग्न, मुलाची बेकारी हे सगळं पुढे आलं. जोशींची भाषाही मोकळी झाली. पुस्तकी हिंदी सोडून पात्रं आपापल्या वळणाने बोलू लागली. उपदेशासाठी दादामुनी, म्हणजे अशोककुमार होतेच. प्रत्येक भागाच्या शेवटी ते पडद्यावर येत, आज काय घडलं त्यावर दोन शब्द बोलत, एखादा प्रश्न प्रेक्षकांकडे सोपवत आणि ‘छन पकैया’च्या चालीवर काहीतरी गमतीचं म्हणून निरोप घेत. पुढेपुढे ‘हम लोग’ हे शब्द ते निरनिराळ्या भारतीय भाषांत म्हणत. सांगण्याचं काम एका म्हाताऱ्या, प्रेमळ, साऱ्या देशाच्या ओळखीच्या माणसाने घेतल्यामुळे बाकीच्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. बसेसर राम आता ‘दारूचे दुष्परिणाम’ उरला नाही, तो बसेसर राम झाला. विनोद नागपाल यांनी तो असा काही केला की त्याचा राग यायचा आणि कीवही.

मग पत्रं येऊ लागली. आजच्या पिढीला पत्र या गोष्टीचं वजन समजावणं अवघड आहे. पोस्टात जाऊन कार्ड आणायचं, लिहायचं, पेटीत टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. सतरा महिन्यांत एकट्या अशोककुमारांना चार लाखांहून जास्त पत्रं आली. त्यातली कितीतरी तरुण मुलामुलींची होती. आमच्या पसंतीच्या लग्नाला घरचे तयार नाहीत, तुम्ही त्यांना समजवा, अशी. मालिकेतल्या निवेदकाला लोकांनी घरातला वडीलधारा करून टाकलं. सुषमा सेठ यांची दादी कर्करोगाने जाणार हे कळल्यावर प्रेक्षक इतके अस्वस्थ झाले की तिचं जाणं लांबवावं लागलं. बडकीचं लग्न ज्या भागात होतं त्या दिवशी उत्तरेतल्या काही बाजारांत दुकानदारांनी दुकानं लवकर बंद केली. लग्नघरचीच माणसं होती ती, दुकान उघडं कसं ठेवणार?

जोशी लिहीत होते, मालिका चालू होती आणि पत्रं येत होती. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्यामुळे ‘हम लोग’ सुधारत गेली. कादंबरी छापून झाली की लेखकाच्या हातून सुटते, चित्रपट प्रदर्शित झाला की संपला. मालिका लिहिणाऱ्याला मात्र आपली चूक दुरुस्त करायला पुढचा आठवडा मिळतो. नटाच्या तोंडात कुठलं वाक्य बसतं, कुठलं बसत नाही, हे त्याला आधीचे भाग बघून कळतं. नटालाही आपलं पात्र हळूहळू सापडत जातं. तेराव्या भागातली मझली आणि शंभराव्या भागातली मझली यांच्यात दिव्या सेठ नावाच्या तरुण मुलीने प्रत्यक्ष काढलेलं वर्ष आहे. ते कुठल्याही तालमीतून येत नाही. अट एकच, तो पुढचा आठवडा मिळायला हवा.

यातली एक गंमत, किंवा खरं तर चटका लावणारी गोष्ट. मालिका संपल्यावर अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी हजाराहून अधिक प्रेक्षकांची पाहणी केली. भागवंती ही सोसणारी आई लेखकाने ‘असं राहू नका’ हे सांगण्यासाठी घडवली होती. पाहणीत दिसलं की पुष्कळ प्रेक्षकांनी, आणि त्यातही बायकांनी, तिलाच आदर्श मानलं. नवऱ्याचा मार निमूट सोसणारी बाई पाहून त्यांना वाटलं, बाईने असंच असावं. म्हणजे पात्र जिवंत झालं की ते लेखकाच्या ताब्यात राहत नाही. संदेशवाल्यांना याची भीती वाटते आणि म्हणूनच ते पात्राला जिवंत होऊ देत नाहीत. जोशींनी ती जोखीम पत्करली. भागवंतीचं काय झालं याची खंत बाळगूनही मी म्हणेन की त्यांनी योग्य केलं.

आता मुद्द्याकडे येतो. ‘हम लोग’च्या पहिल्या तेरा भागांत सगळ्या पात्रांचं जे झालं, ते आपल्या सिनेमा-टीव्हीतल्या मुस्लिम पात्राचं वर्षानुवर्षं होत आलेलं आहे. तो येतो तो काहीतरी सांगायलाच. ‘शोले’तले इमामसाहेब आठवा. ए. के. हंगल यांनी ते अप्रतिम केलेत, प्रश्नच नाही. आंधळे, सज्जन, तरुण मुलगा गमावूनही गावाला धीर देणारे. पण या इमामसाहेबांना कधी राग येत नाही, त्यांची कुणाकडे उधारी नाही, शेजाऱ्याशी त्यांचा बांधावरून वाद नाही. ते चांगुलपणाचा दाखला म्हणून गावात राहतात. रहीमचाचा, अब्दुलभाई, पठाण दोस्त, सगळे याच घरातले. हे पात्र बघताना मुसलमान प्रेक्षकाला आधी बरं वाटतं आणि मग लक्षात येतं की आपल्या गल्लीत असा एकही माणूस नाही.

‘हम लोग’ संपली आणि पुढच्याच वर्षी, १९८६मध्ये ‘नुक्कड’ आली. सईद अख्तर मिर्झा आणि कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, प्रबोध जोशींचं लेखन. मुंबईतला एक गरीब वस्तीचा कोपरा, एवढंच तिचं विश्व. विजेची कामं करणारा गुरू, सायकल दुरुस्तीवाला हरी, घरकाम करणारी राधा, शिकवणारी टीचरजी, दारूडा खोपडी, घनशू भिकारी, अजय वढावकरांचा गणपत हवालदार. आणि याच कोपऱ्यावर कादरभाईंचं हॉटेल आणि करीम हज्जामचं दुकान.

मला इथे थोडं थांबायचंय. कादरभाई केले होते अवतार गिल यांनी, करीम जावेद खान अमरोही यांनी. हे दोघं मुसलमान आहेत हे त्यांच्या नावावरून कळतं, बाकी मालिका त्याची फार दवंडी पिटत नाही. कादरभाईंसमोर प्रश्न आहे तो हॉटेल चालवण्याचा आणि अख्ख्या नुक्कडच्या उधारीचा. करीम कात्री चालवता चालवता सगळ्यांच्या भानगडीत तोंड घालतो, जे कुठल्याही न्हाव्याच्या दुकानात होतं. ते चिडतात, कंजूषपणा करतात, मदतीला धावतात, परत चिडतात. ‘नुक्कड’ने सुरुवातच तिथून केली जिथे ‘हम लोग’ तेरा भाग ठेचकाळून पोहोचली होती. कुणालाही नायक केलं नाही, कुणाच्याही तोंडी भाषण दिलं नाही आणि माणसांना चाळीसेक भागांची उसंत दिली.

ते साल कोणतं होतं हेही बघा. १९८५च्या एप्रिलमध्ये शाहबानोचा निकाल आला होता, त्यावरून वर्षभर रान पेटलं. १ फेब्रुवारी १९८६ला बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं. मे महिन्यात मुस्लिम महिलांचा नवा कायदा झाला. त्या वर्षभर वर्तमानपत्र उघडलं की मुसलमान म्हणजे पोटगी, शरियत, मशीद आणि मोर्चा. आणि त्याच वर्षी टीव्हीवर एक मुसलमान हॉटेलवाला दारूड्या खोपडीवर खेकसत होता. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा टीव्ही दोनच घरी होता. मोठ्या माणसांपैकी काही जण त्याला ‘शैतानाचा डबा’ म्हणत आणि ‘नुक्कड’ लागली की खिडकीशी येऊन उभे राहत. कादरभाईंना ते ओळखत होते. तसा एक माणूस आमच्या नाक्यावर होता.

सईद मिर्झांना हे जमलं याचं आश्चर्य नाही. ‘नया दौर’ लिहिणाऱ्या अख्तर मिर्झांचा हा मुलगा. ‘अल्बर्ट पिंटो’ आणि ‘मोहन जोशी हाजिर हो’मधून त्याने मुंबईची गल्ली नीट पाहिलेली. ‘नुक्कड’मध्ये हरी केलेल्या पवन मल्होत्राला घेऊन त्याने १९८९मध्ये ‘सलीम लंगडे पे मत रो’ केला, जो दोन टाकी-डोंगरी भागातल्या मुस्लिम तरुणाचं आजवरचं सर्वात खरं चित्र आहे असं माझं मत आहे. कुंदन शाह यांनी पुढे आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरून ‘वागले की दुनिया’ केली. काश्मीरमधल्या हाउसबोटवाल्या कुटुंबाची ‘गुल गुलशन गुलफाम’ही याच दूरदर्शनवर झाली. दल सरोवरातल्या त्या मुस्लिम घरात बाप-मुलांची ओढाताण होती, धंद्याची काळजी होती. काश्मीरवर बोलायचंय म्हणून ते घर उभं केलं नव्हतं.

पत्रांची एक उलटी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हे चित्र फारच गोड होईल. बी. आर. चोप्रांनी ‘महाभारत’ करायचं ठरवलं आणि पटकथा-संवादांसाठी डॉ. राही मासूम रझांचं नाव पुढे आलं. राही गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे. अलीगढ विद्यापीठात शिकले, तिथेच शिकवलं, ‘तिलिस्म-ए-होशरुबा’वर संशोधन केलं, ‘आधा गाँव’सारखी कादंबरी लिहिली आणि मग मुंबईत येऊन सिनेमे लिहू लागले. कामाच्या व्यापामुळे त्यांनी आधी नकार दिला होता, असं सांगितलं जातं. नाव जाहीर झाल्यावर चोप्रांकडे पत्रं आली. हिंदू लेखक संपले का, मुसलमानाला का दिलंत, असा त्यांचा मजकूर. चोप्रांनी ती पत्रं राहींकडे पाठवली आणि राहींनी मग ठरवलं की आता ‘महाभारत’ मीच लिहिणार, मी गंगेचा मुलगा आहे. राही आपल्याला तीन आया असल्याचं सांगत. जन्म देणारी नफीसा बेगम, अलीगढ विद्यापीठ आणि गंगा.

२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, दर रविवारी, ९४ भाग. त्याआधी ‘रामायण’ने सारा देश भारून टाकलेला. ती मालिका ५२ भागांची ठरली होती, मुदतवाढ घेत ७८ भागांवर गेली. तिच्या मागून येणाऱ्या मालिकेची तुलना होणारच होती. राहींनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ‘समय’ हा निवेदक. हरीश भिमानींचा तो आवाज ना कौरवांचा ना पांडवांचा, ना हिंदूचा ना मुसलमानाचा. अशोककुमारांनी ‘हम लोग’साठी जे केलं तेच ‘समय’ने इथे केलं. तात्पर्य सांगायची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली, त्यामुळे भीष्म, कर्ण, द्रौपदी यांना आपापल्या दुःखाशी झगडायला मोकळीक मिळाली. दुसरी गोष्ट भाषेची. ‘पिताश्री’, ‘माताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधनं राहींना ‘अब्बाजान’, ‘अम्मीजान’वरून सुचली, असं म्हणतात. आज हे शब्द अस्सल प्राचीन म्हणून मिरवले जातात, आणि मला त्याची फार मौज वाटते. अर्जुन झालेला फिरोज खान तर नंतर पडद्यावर अर्जुन याच नावाने वावरला. मराठी घरांमध्ये कौतुक होतं ते कृष्ण झालेल्या नितीश भारद्वाजचं. सुरुवातीची पत्रं कुठे गेली कोण जाणे. नव्वदच्या उन्हाळ्यापर्यंत कुणाला त्यांची आठवणही राहिली नसावी. चौऱ्याण्णव भागांत ती विरून गेली.

त्यानंतरचा काळ थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांसमोर आहे. उपग्रह वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका आल्या, पत्रांची जागा दर आठवड्याच्या टीआरपीच्या आकड्यांनी घेतली. आकडा सांगतो की लोक उठून गेले. का गेले हे पत्रात असायचं, आकड्यात नसतं. आता न चाललेली मालिका दोन-तीन महिन्यांत बंद होते आणि चाललेली वर्षानुवर्षं ताणली जाते. ओटीटीवर आठही भाग एका रात्रीत येतात, म्हणजे लेखकाला चूक दुरुस्त करायची संधी मिळाली तर ती पुढच्या हंगामात, वर्षा-दोन वर्षांनी. तिथे मुसलमान पात्रं वाढलीत, पण बहुतेकांच्या हाती एक तर बंदूक असते किंवा बंदुकीविरुद्धचं निवेदन. आणि सगळ्यात जास्त दिसणारा टीव्हीवरचा मुसलमान तर मालिकेत नाहीच. तो संध्याकाळच्या चर्चेत असतो. टोपी, दाढी, चौकटीत कोंबलेला चेहरा, वाक्य पूर्ण करू न दिला जाणारा. त्याला घर नाही, दुकान नाही, उधारी नाही. रोज पहिलाच भाग, रोज तोच.

१९९३मध्ये ‘नया नुक्कड’ आली होती. मधल्या काळात डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींनी मुंबई होरपळली होती. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेले मृत्यू ९००, त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. गरीब वस्त्यांतले नाके त्यानंतर पूर्वीसारखे राहिले नाहीत, कितीतरी कादरभाई आपली हॉटेलं विकून मुंब्र्याला गेले. जुन्या ‘नुक्कड’ची जादू नव्या मालिकेला पुन्हा गवसली नाही. सईद मिर्झांनी १९९५मध्ये ‘नसीम’ केला, कैफी आझमींना आजोबा करून, आणि मग पुष्कळ वर्षं कॅमेऱ्यापासून दूर राहिले.

२८ मार्च २०२०पासून, टाळेबंदीत, ‘महाभारत’ पुन्हा लागलं. डीडी भारतीवर दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी सातला. दोनच दिवसांत निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि बाकीच्या वाहिन्यांवर करोना आणि मुसलमान हे दोन शब्द जोडून उच्चारले जाऊ लागले. अहमदनगरात पकडलेल्या परदेशी जमातींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हणत प्रसारमाध्यमांनाही सुनावलं. पण तो निकाल २१ ऑगस्टचा. एप्रिलमध्ये आमच्याकडे भाजीवाला नाव विचारून गल्लीत येत होता.

त्या एप्रिलमध्ये आमच्या अम्मीचा नेम ठरलेला होता. असर पढून झाली की थोडं पडायचं, मगरिबच्या तयारीआधी टीव्ही लावून ठेवायचा. तिने ‘महाभारत’ पहिल्या वेळी शेजारच्या कुलकर्णी मावशींकडे पाहिलं होतं, त्यामुळे कुणाचं पुढे काय होणार हे ती आधीच सांगून मोकळी व्हायची. नावं सरकत असताना राही मासूम रझा हे नाव आलं की ती दरवेळी बोट दाखवायची, जणू मला वाचता येत नाही. आठ वाजता अब्बा बातम्या लावायला सांगायचे. ती रिमोट उशीखाली ठेवायची.